कारीची शकावली

आमच्या कामथडीहून कापूरव्होळमार्गे भोर, आणि पुढे रायरेश्वराच्या बाजूला कारी. तिथल्या जेधे देशमुखांनी घरातली शकावली, म्हणजे शकवार घटनांची नोंद, लोकमान्य टिळकांच्या हाती दिली. १९१६ साली भारत इतिहास संशोधक मंडळामार्फत ती छापली गेली. तीत शिवाजी महाराजांच्या जन्माची नोंद होती फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. तोवर बहुतेकजण वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ मानत. वाद पेटला, वर्षानुवर्षं चालला. पण पुरावा सर्वांपुढे होता, कुणीही ताडून पाहावा. महाराष्ट्र सरकारने शकावलीतल्या तिथीनुसार येणारी १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली ती थेट २००१ मध्ये! आज संशोधनात मात्र शोधनिबंधांची संख्या मोजतात आणि मूळ आकडे कपाटात कुलूपबंद राहतात, याची मला चीड येते. संशोधकहो, निष्कर्षाबरोबर तुमच्या मूळ नोंदीही खुल्या करा.