कॉर्व्हेअरची मागची चाकं आणि बाहेर विकत मिळणारा पाटा

गाडी मॉडिफाय करणं म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काय येतं? अलॉय, एक्झॉस्ट, खाली बसवलेली स्प्रिंग. थोडक्यात, हौस. आज एका अशा आफ्टरमार्केट पार्टची गोष्ट सांगतो, जो काही लोकांनी हौसेनं बसवला आणि ज्याच्यामुळे बाकीच्यांना प्रश्न पडला, की हा पार्ट कंपनीनेच का दिला नव्हता?

गाडी आहे शेवरोले कॉर्व्हेअर. १९५९ च्या शेवटी अमेरिकेत बाजारात आली. त्या काळातली अमेरिकन गाडी म्हणजे पुढे भलंमोठं लोखंडी इंजिन आणि मागे जाडजूड ॲक्सल. कॉर्व्हेअर पूर्ण उलटी. ॲल्युमिनियमचं, हवेवर थंड होणारं सहा सिलिंडरचं इंजिन, आणि तेही मागे. शेवरोलेचे प्रमुख एड कोल यांची ही लाडकी कल्पना. १९६२ मध्ये तिची मॉन्झा स्पायडर आली, टर्बो बसवलेली, १५० हॉर्सपॉवरची. टर्बो घेऊन शोरूममध्ये आलेल्या जगातल्या पहिल्या दोन गाड्यांपैकी ही एक. म्हणजे साधी फॅमिली कार आता परफॉर्मन्स कार झाली होती.

अडचण होती मागच्या सस्पेन्शनमध्ये. त्याला स्विंग ॲक्सल म्हणतात. हे समजायला ऐकता ऐकता एक गोष्ट करून बघा (गाडी चालवत असाल तर नको!). एक हात खांद्यातून बाजूला सरळ पसरा आणि भिंतीला टेकवल्यासारखा तळवा उभा धरा, बोटं वर. हात म्हणजे ॲक्सल, तळवा म्हणजे चाक, आणि सांधा फक्त खांद्यात. मनगट हलवायचं नाही. आता हात खांद्यातून खाली न्या. बोटं बाहेर झुकली आणि तळव्याची खालची कड आत आली ना? स्विंग ॲक्सलचं चाक खाली लोंबलं की नेमकं हेच होतं.

आता वळणावर या. गाडीचं निम्म्याहून बरंच जास्त वजन मागे. बाहेरच्या चाकावर रस्ता आडवा जोर लावतो आणि तो जोर त्या सांध्यातून गाडीचं बूडच वर उचलायला लागतो. बूड वर, म्हणजे चाक आणखी आत दुमडणार. म्हणजे टायरची पकड कमी. त्यात ड्रायव्हरने घाबरून ॲक्सिलरेटर सोडला, तर इंजिन ब्रेकिंगने मागचा भाग अजून हलका होतो आणि शेपूट बाहेर निघते.

हा दोष एकट्या कॉर्व्हेअरचा नव्हता बरं का. फोक्सवॅगन बीटल, पोर्श ३५६, सगळ्यांना मागे स्विंग ॲक्सलच. मद्रासला बनणारी आपली स्टँडर्ड हेराल्डसुद्धा त्यातलीच. आणि यावरचा इलाजही माहीत होता. मर्सिडीजने ३०० एसएल रोडस्टरला १९५७ मध्येच सांधा खाली नेऊन वर एक आडवी जास्तीची स्प्रिंग दिली होती. पोर्शने सुपर ९० ला आडवा पाटा दिला.

शेवरोलेने काय दिलं? हवा. खरंच सांगतोय. पुढच्या टायरमध्ये १५ पीएसआय, मागच्यात २६. पुढची चाकं मुद्दाम मऊ ठेवायची, म्हणजे वळणात पुढची पकड आधी सुटेल आणि शेपूट जागेवर राहील. इंजिनिअरिंगच्या हिशेबाने हे चूक नाही. पण विचार करा, पेट्रोल पंपावरचा पोरगा पुढचे टायर बसलेले बघून काय करणार? चारही चाकांत सारखी हवा भरणार. आम्ही सॉफ्टवेअरवाले अशा वेळी म्हणतो, की सगळी सिस्टीम एका कॉन्फिग फाईलवर उभी आहे आणि ती फाईल कोणीही बदलू शकतं.

मग ज्या मालकांना हे कळलं होतं, त्यांच्यापुढे पर्याय काय होते? मला या गोष्टीतला हाच भाग सगळ्यात आवडतो, कारण इथे चुकीचं निवडणं फार सोपं होतं.

मागे अँटी-रोल बार टाकू, गाडी कमी कलेल, हा पहिला मोह. पण मागे बार टाकला की वळणात बाहेरच्या मागच्या चाकावर आणखी भार येतो. म्हणजे जे चाक आधीच दुमडायला टपलंय, त्याच्यावरच ओझं. बार हवा तर पुढे. दुसरा मोह मागच्या स्प्रिंग कापायचा. गाडी खाली बसते, चाकं वरून आत झुकतात आणि दुमडायला वेळ लागतो. फायदा खरा आहे. पण मागे माणसं आणि सामान भरलं की सस्पेन्शन खड्ड्यात आपटतं. तिसरा पर्याय म्हणजे ॲक्सलला पट्टे बांधायचे, एका मर्यादेखाली चाक लोंबूच नये म्हणून. स्वस्त आणि मस्त, पण पट्टा ताणेपर्यंत तो काहीच करत नाही.

आणि मग होता कॅम्बर कॉम्पेन्सेटर. कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडला जो व्हिटोन यांची फोक्सवॅगनची डीलरशिप होती. त्यांचीच ईएमपीआय कंपनी हा पार्ट बीटलसाठी आणि कॉर्व्हेअरसाठीही विकायची. गियरबॉक्सच्या खाली आडवा एक पाटा, मध्यभागी एका खिळीवर फिरणारा, दोन्ही टोकं दोन्ही ॲक्सलच्या खाली. एक चाक वर आणि एक खाली गेलं, तर पाटा तराजूच्या दांडीसारखा नुसता झुकतो, विरोध करत नाही. पण बूड वर उचललं जाऊन दोन्ही चाकं एकदम खाली लोंबायला लागली, की तो ठाम नाही म्हणतो. मागे बारसारखा जादा भार न टाकता नेमका दुमडण्यालाच अडवतो. इतका साधा उपाय, की मेकॅनिकल शिकलेल्या मित्राला दाखवा, तो पाच मिनिटं गप्प बसेल.

बसवायलाही वेल्डिंग नको, कापाकापी नको. गाडी वर घ्यायची, मधला ब्रॅकेट बोल्टने आवळायचा, टोकं ॲक्सलखाली अडकवायची. फक्त मधली खीळ मोकळी फिरली पाहिजे. ती जाम झाली तर तराजूची दांडी अडकली, आणि आपण टाळत होतो तो मागचा अँटी-रोल बारच हाताने तयार झाला!

इकडे कंपनीत काय चाललं होतं? १९६२ मध्ये शेवरोलेने कडक स्प्रिंग, पुढचा बार आणि मागचे पट्टे असा संच दिला, पण जादा पैसे मोजणाऱ्यांना. जनरल मोटर्समधले जॉन डीलोरियन यांच्या आठवणींनुसार, बार सगळ्या गाड्यांना द्यायचा खर्च गाडीमागे सुमारे १५ डॉलर होता, वरिष्ठांना तो जास्त वाटला, आणि शेवरोलेचे नवे प्रमुख बंकी नडसन यांनी राजीनाम्याची धमकी दिली तेव्हा कुठे मंजुरी मिळाली. १९६४ च्या मॉडेलला पुढे बार आणि मागे आडवा पाटा स्टँडर्ड मिळाला. १९६५ ला स्विंग ॲक्सलच गेला, मागचं सस्पेन्शन पूर्ण नवं आलं.

आणि त्याच वर्षी, ३० नोव्हेंबरला, राल्फ नेडर या तरुण वकिलाचं 'अनसेफ ॲट एनी स्पीड' हे पुस्तक आलं. पहिलंच प्रकरण कॉर्व्हेअरवर. हौशी लोकांसाठीच्या ॲक्सेसरीजच्या बाजाराकडे त्याने बोट दाखवलं. बाहेरचे लोक जर ही उणीव ओळखून तिच्यावरचा पार्ट विकू शकतात, तर कंपनीला ती माहीत नव्हती असं कोण म्हणेल? ज्या पाट्याला कारवेडे अपग्रेड म्हणत होते, तो वकिलाच्या हातात पुरावा झाला.

जनरल मोटर्सने उत्तर म्हणून नेडरच्या मागे खासगी डिटेक्टिव्ह लावले. हे उघडकीला आलं आणि मार्च १९६६ मध्ये कंपनीचे अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या समितीपुढे माफी मागावी लागली. सप्टेंबरमध्ये वाहन सुरक्षेचा कायदा झाला. नेडरने खटलाही भरला आणि १९७० मध्ये ४ लाख २५ हजार डॉलरवर तडजोड झाली.

पण थांबा, गोष्ट एवढी सरळ नाही. १९७२ मध्ये अमेरिकेच्या सरकारी महामार्ग सुरक्षा संस्थेने १९६३ ची कॉर्व्हेअर तेव्हाच्या फाल्कन, व्हॅलियंट, बीटल, रेनो डॉफिनसोबत तपासली. निष्कर्ष असा, की ताबा सुटण्याचा किंवा उलटण्याचा धोका तिच्यात इतरांपेक्षा वेगळा म्हणावा असा नव्हता. कॉर्व्हेअरचे चाहते हा अहवाल अजून तोंडावर फेकतात. मला विचाराल तर 'इतरांइतकीच' हे प्रमाणपत्र फार मोठं नाही, कारण त्या इतरांत बीटल आणि डॉफिनही होत्या, म्हणजे तोच स्विंग ॲक्सल. आणि अहवालाने नेडरचा मूळ प्रश्न सुटत नाही. ज्याला पार्ट माहीत होता, त्याने तो बसवला. मुलांना मागच्या सीटवर बसवून निघालेल्या ज्या माणसाला टायरमधला १५ आणि २६ चा फरकही कोणी समजावला नव्हता, त्याने कुठल्या दुकानात जायचं होतं?

कॉर्व्हेअरचं उत्पादन मे १९६९ मध्ये बंद झालं. मागे आडवा पाटा असलेली कॉर्व्हेअर कारखान्यातून निघाली ती फक्त एका मॉडेल वर्षापुरती, १९६४ ची.