आघाडीचा दाब आणि इंदूरची पिछाडी

फुटबॉलच्या खेळात ज्यास ‘प्रेसिंग’ म्हणतात, ते म्हणजे प्रतिपक्षास त्याच्याच गोलासमोर कोंडून धरणे होय. १९६० नंतरच्या दशकात व्हिक्टर मास्लोव यांनी कीव्हच्या डायनॅमो संघास ही शिस्त लावली. पुढे आरिगो साक्की यांच्या मिलान संघाने तिच्या बळावर १९८९ व १९९० साली युरोपचा चषक जिंकला. गोमंतकातील आमच्या वाचकांस हा खेळ नवा नाही. तथापि त्यातील मर्म आम्हांस इंदूरच्या इतिहासात अधिक स्पष्ट दिसते.

जुलै १८०४ मध्ये कर्नल मॉन्सन हा इंग्रज सेनानी मुकुंदरा घाटापलीकडे होळकरांच्या मुलखात शिरला होता. यशवंतराव होळकर चालून येत आहेत असे कळताच त्याने माघार धरली, आणि मग होळकरी स्वारांनी त्यास उसंत मिळू दिली नाही. मागे ठेवलेले घोडदळ प्रथम बुडाले. पावसाच्या चिखलात रुतलेल्या तोफा टाकून द्याव्या लागल्या. बनास नदीच्या उताराशी पिछाडीची दाणादाण उडाली. ऑगस्टअखेर आग्र्यास पोहोचले ते सैन्य नव्हे, सैन्याचे अवशेष होत.

मैदानावरील रीतही अशीच आहे. प्रतिपक्षाने चेंडू मागे दिला किंवा त्याच्या पायातून तो निसटला, की तीच चढाईची खूण. जवळचा गडी मधली वाट अडवीत धावतो व चेंडूवाल्यास कडेच्या रेषेकडे रेटतो. इतर गडी त्याच्या साथीदारांस गाठतात. मधली फळी पुढे सरकते आणि बचावाची फळी मध्यरेषेजवळ येते. एकाने आळस केला तर सर्वांचे श्रम वाया जातात.

परंतु या डावाचे मोलही जबर आहे. बचावाच्या फळीमागे मोकळे रान पडते. एक लांब टोला तेथे पोहोचला की गोल उघडा. यशवंतराव उत्तरेकडे गुंतले असता त्याच ऑगस्टात गुजरातेतून आलेल्या कर्नल मरेने इंदूर घेतले. नोव्हेंबरात फर्रुखाबादेजवळ सेनापती लेकने थकलेल्या होळकरी छावणीवर पहाटे छापा घातला, आणि पाठलाग करणाऱ्यांचाच पाठलाग सुरू झाला. डिसेंबर १८०५ मध्ये राजघाटचा तह झाला.

शत्रूस दम घेऊ न देणे ही अर्धीच विद्या होय. आपला दम किती व आपल्या पाठीशी कोण, हे जाणणे ही उरलेली अर्धी. आणि इंदूरने तिची किंमत मोजली आहे.