चार दिवसांचे जेरुसलेम

मे १८२७ मध्ये लंडनमधील एक सधन जोडपे प्रवासाला निघाले आणि १८२८ च्या फेब्रुवारीत परत आले. या दहा महिन्यांत फ्रान्स झाले, इटली झाली, माल्टा आणि इजिप्त झाले. जेरुसलेमच्या वाट्याला त्यांतले जेमतेम चार दिवस आले. पुढे या जोडप्याविषयी जे काही लिहिले गेले, त्यात मात्र हे चार दिवसच मोठे होत गेले आणि बाकीचे महिने निव्वळ वाट म्हणून उरले. इतिहासलेखनात असे नेहमीच घडते, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. पण या प्रवासाची एक वही उपलब्ध आहे, ती बायकोने लिहिलेली आहे आणि ती वाचताना प्रवासाचे हे ठरीव प्रमाण डळमळू लागते. म्हणून हे टिपण.

जोडपे म्हणजे मोझेस आणि ज्यूडिथ माँटेफिओरे. दोघांचाही जन्म १७८४ चा. मोझेसचे आईवडील प्रवासात असताना इटलीतील लिव्होर्नो येथे तो जन्मला. घराणे सेफार्दी, म्हणजे मूळ स्पेन-पोर्तुगालकडील परंपरेचे. ज्यूडिथ अश्केनाझी, मध्य व उत्तर युरोपातील परंपरेच्या कुटुंबातली. त्या काळी लंडनच्या सेफार्दी समाजाला अश्केनाझी सोयरीक कमीपणाची वाटत असे. तरीही १८१२ साली हा विवाह झाला. ज्यूडिथची बहीण हॅना ही नेथन रॉथशिल्डची पत्नी, हे सांगितले की या कुटुंबाच्या सांपत्तिक स्थितीविषयी वेगळे काही सांगायला नको. लंडनच्या शेअरबाजारात ज्यू दलालांना मोजून बारा जागा होत्या. त्यांतली एक मोझेसकडे होती. चाळिशीच्या आसपास त्याने धंद्यातून बरेचसे अंग काढून घेतले. पैसा होता, वेळ होता, मूलबाळ नव्हते. फ्रान्स-इटलीच्या सफरी दोघांनी यापूर्वीही केल्या होत्या.

१८२७ चा प्रवास बाह्यतः याच सफरींचा लांबलेला अवतार आहे. इंग्रज सरदार-सावकारांच्या घरांत इटली पाहून येण्याची जी प्रथा होती, तिचेच वळण याला आहे. शहरात उतरायचे, ओळखीची पत्रे दाखवायची, प्रेक्षणीय स्थळे पाहायची, रात्री दिवसाचा वृत्तांत लिहायचा. फरक इतकाच, की हे दोघे इटलीच्या टोकाशी थांबले नाहीत. ग्रीकांचे तुर्कांविरुद्ध युद्ध चालू होते, भूमध्य समुद्रात चाच्यांचा उपद्रव होता, आणि पॅलेस्टाइन हा ऑटोमन साम्राज्याचा एक कोपरा होता, जिथे युरोपीय स्त्री जवळजवळ फिरकत नसे. इजिप्तमध्ये महंमद अलीची भेट झाली, कैरोपर्यंत जाणे झाले, आणि मग ऑक्टोबरात दोघे जाफा बंदरावर उतरले. तिथून जेरुसलेम साठ-पासष्ट किलोमीटर.

एक गोष्ट येथे लक्षात घ्यावीशी वाटते. इंग्लंडमध्ये हे जोडपे कितीही श्रीमंत असले, तरी ज्यू मनुष्याला संसदेत बसता येत नव्हते. ते दार १८५८ साली उघडले. पण डोव्हर सोडले की ही दोघे पूर्ण इंग्रज. ब्रिटिश वकिलाती त्यांच्या पाठीशी, ब्रिटिश आरमाराची सावली त्यांच्या जहाजावर. घरी जे नागरिकत्व अपुरे होते, ते परक्या मुलखात पुरेपूर भरून मिळत होते. ज्यूडिथच्या लेखनात इंग्रज बाईचा जो सहज आत्मविश्वास आढळतो, त्याला ही पार्श्वभूमी आहे. तिचे ‘आम्ही’ हे सर्वनाम वाचताना म्हणूनच दर वेळी थांबावे लागते. हे ‘आम्ही’ कोण? इंग्रज? ज्यू? की नुसते नवराबायको? जाफ्यापर्यंत या प्रश्नाने काही अडत नाही. जेरुसलेमात अडते.

१७ ऑक्टोबरला ते जेरुसलेमात पोचले. युरोपातून येणारा प्रवासी सहसा ख्रिस्ती मठात उतरे. हे दोघे उतरले जोसेफ अम्झालाक नावाच्या, जिब्राल्टरहून येऊन स्थायिक झालेल्या ज्यू गृहस्थाच्या घरी. ही निवड साधी दिसते, पण तिच्यामुळे सगळी गणिते बदलली. मठात उतरलेला प्रवासी शहर पाहायला बाहेर पडतो. अम्झालाकांच्या घरी शहरच यांना पाहायला आले. समाजातील धुरीण येऊ लागले, सिनेगॉगमध्ये बोलावणी झाली, करांच्या आणि कर्जांच्या हकिगती कानांवर पडू लागल्या. तीर्थक्षेत्री पाहुणा म्हणून गेलेल्या माणसाला एकाएकी ‘आपले माणूस’ म्हणून हाक यावी, आणि त्या हाकेत प्रेमाइतकीच गरजही असावी, तसे हे झाले. पंढरपूर किंवा काशी येथे नातलगाच्या घरी उतरलेल्यांना हा अनुभव नवा नाही.

या भागात वहीचा सूर पालटतो, असे मला वाटते. आधीच्या पानांवर हवा, मुक्कामाच्या जागा, जेवण, भेटीगाठी, प्रकृतीच्या कुरबुरी आहेत. नेमकेपणा आहे, थोडा मिस्कीलपणाही आहे. जेरुसलेमच्या पानांवर मात्र वर्णन करणारी बाई आणि प्रार्थना करणारी बाई एकमेकींच्या आड येऊ लागतात. ज्या नगरीचे नाव लहानपणापासून प्रार्थनेत घेतले, ती समोर दारिद्र्याने, करांनी आणि पडझडीने गांजलेली आहे. प्रेक्षणीय स्थळ म्हणावे तर पाहण्यासारखे फार थोडे शिल्लक आहे. तरीही दुसऱ्या कोणत्याही नगरीची तिच्याशी तुलना होऊ शकत नाही, असा तिचा निर्वाळा आहे. रोम आणि फ्लॉरेन्स पाहून आलेल्या बाईने हे लिहिले आहे, म्हणून त्याला वजन आहे.

बेथलेहेमच्या वाटेवर राहेलची कबर आहे. जुन्या करारातील याकोबाची ही लाडकी पत्नी. वर्षानुवर्षे अपत्यासाठी झुरली, आणि दुसऱ्या मुलाला जन्म देताना वाटेतच गेली. म्हणून तिला घराण्याच्या दफनस्थानी नेले नाही, रस्त्याच्या कडेलाच पुरले, असे परंपरा सांगते. घुमटाची ती लहानशी वास्तू ज्यूंना, मुसलमानांना आणि ख्रिस्ती लोकांनाही पूज्य होती, आणि मूल मागायला येणाऱ्या स्त्रियांचे ते ठिकाण होते. ज्यूडिथ तिथे गेली तेव्हा ती त्रेचाळीस वर्षांची होती. तिचे मन तेथे हेलावले. बहुतेक चरित्रकार या जागी निःसंतानपणाचा धागा पकडतात. धागा खरा आहे, पण तो फार ताणू नये; वाटेत मेलेली आणि वाटेतच राहिलेली स्त्री एखाद्या प्रवासी स्त्रीला मूल असते तरीही हेलावून गेली असती.

याच दिवसांत, २० ऑक्टोबरच्या शनिवारी, ग्रीसच्या किनाऱ्यावर नवारिनोच्या उपसागरात ब्रिटिश, फ्रेंच आणि रशियन आरमारांनी मिळून तुर्की-इजिप्शियन आरमाराचा फडशा पाडला. ज्या सुलतानाच्या मुलखात हे इंग्रज जोडपे शब्बाथ पाळत होते, त्याचेच आरमार त्यांचे देशबांधव बुडवत होते, आणि दोघांना याची गंधवार्ताही नव्हती. बातमी कळली ती इजिप्तला परतल्यावर. प्रवासवर्णनांत एरवी योगायोगांचा सुळसुळाट असतो. येथे योगायोग वहीच्या बाहेर घडला आहे, लिहिणाऱ्याला त्याचा पत्ता नाही, म्हणूनच कदाचित तो इतका अंगावर येतो.

परतल्यानंतर मोझेस बदलला. धर्माचरणात तो काटेकोर झाला. रॅम्सगेट या समुद्रकाठच्या गावी त्याने स्वतःच्या घराजवळ १८३३ साली सिनेगॉग उभारले. कुलचिन्हात ‘जेरुसलेम’ हा शब्द हिब्रू लिपीत आला. पुढे तो शंभर वर्षांचा होऊन १८८५ साली वारला तेव्हा पृथ्वीवरच्या ज्यूंचा पालक अशी त्याची ख्याती झाली होती. एवढ्या मोठ्या आयुष्याच्या उजेडात १८२७ ची सफर मागे वळून पाहिली की ती आपोआप ‘तीर्थयात्रा’ दिसते. माझी हरकत येथे आहे. ज्यूडिथची वही १८३६ साली छापली गेली, तीही खाजगीत, आप्तेष्टांत वाटण्यापुरती. तिच्या शीर्षकात ‘तीर्थ’ नाही, ‘यात्रा’ नाही. इजिप्त आणि पॅलेस्टाइनला दिलेल्या भेटीची खाजगी दैनंदिनी, इटली व भूमध्य समुद्रमार्गे, इतकेच ते सांगते. घरी परतल्यावर आपले काय होणार हे ठाऊक नसलेल्या बाईची ती वही आहे.

मोझेसच्या बाजूने असे काही तपासून पाहण्याची सोयच फारशी उरलेली नाही. दोघांच्या दैनंदिन्यांचे संकलन लुई लोवे या त्यांच्या विद्वान सहकाऱ्याने केले आणि ते १८९० साली दोन खंडांत निघाले. मूळ वह्या बहुतांशी जाळून टाकण्यात आल्या. लोवेच्या खंडांत नवऱ्याचा मजकूर कुठे संपतो, बायकोचा कुठे सुरू होतो आणि संपादकाचा कुठे मिसळतो, हे ओळखणे अवघड आहे. मराठीच्या अभ्यासकाला येथे गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ आठवल्यावाचून राहत नाही. चिं. वि. वैद्यांनी १९०७ साली काढलेली आवृत्ती हीच पन्नासहून अधिक वर्षे आपल्यासाठी गोडसे होती. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली दिला तेव्हा भटजींचा खरा आवाज ऐकू आला. आपल्याकडे हस्तलिखित वाचले. माँटेफिओरे यांच्या बाबतीत वाचली ती बायकोची छापील पुस्तके.

दुसरे पुस्तक १८३८-३९ च्या प्रवासाचे. तेही १८४४ मध्ये खाजगीतच छापले गेले. या वेळी प्रवासाची जातच वेगळी आहे. मोझेस आता ‘सर’ आहे, लंडनचा शेरिफ होऊन गेला आहे. पॅलेस्टाइन तूर्त महंमद अलीच्या ताब्यात आहे. १ जानेवारी १८३७ च्या भूकंपाने गालील प्रांतातले साफेद गाव जमीनदोस्त झालेले आहे. हे जोडपे साफेदला पोचले तेव्हा लोक सामोरे आले ते उपकारकर्त्याच्या स्वागतासाठी. जेरुसलेमात प्लेगची साथ होती, म्हणून तळ शहराबाहेर जैतुनांच्या डोंगरावर पडला. पहिल्या खेपेला शहराच्या पोटात, एका घरात राहिलेली बाई या खेपेला उंचावरच्या तंबूतून शहर पाहते आहे. पैसा, मान, सोबतीचा लवाजमा वाढत गेला तसतसे अंतरही वाढत गेले, असे मला ही दोन पुस्तके लागोपाठ वाचताना जाणवले.

पण याच दुसऱ्या प्रवासात एक असे काम झाले की ज्याने ते अंतर काही अंशी भरून काढले. १८३९ साली मोझेसने पॅलेस्टाइनमधील ज्यूंची नावनिशीवार मोजणी करविली. अशा मोजण्या पुढे १८४९, १८५५, १८६६ आणि १८७५ मध्येही झाल्या. नाव, वय, मूळ गाव, धंदा, सांपत्तिक स्थिती. विधवा आणि पोरकी मुले यांचीही नोंद. प्रवासवर्णनात ज्यांना ‘गरीब बिचारे’ म्हणून एका वाक्यात गुंडाळले जाते, ती माणसे या याद्यांत आपापल्या नावाने येतात. वाङ्मय म्हणून याद्यांना मोल नाही हे खरे. तरी प्रवासवर्णन शिकवणाऱ्याने त्या शेजारी ठेवाव्यात. एक उणीवही तिथेच दिसते. मोजणी ज्यूंची होती. त्याच गावांत, त्याच वाटांवर बहुसंख्येने असलेला अरब शेतकरी या याद्यांत येण्याचे कारण नव्हते, आणि त्या काळच्या युरोपीय प्रवाशांच्या लेखनात तो बहुधा धर्मग्रंथातले एखादे दृश्य जिवंत करण्यापुरता येतो. ज्यूडिथ यातून सर्वस्वी सुटलेली नाही. ज्या भूमीचे वर्णन आधीच पाठ असते, तिथे पाहणे अवघडच असते.

राहेलच्या कबरीचीही भूकंपाने हानी झाली होती. १८४१ साली मोझेसने तिचा जीर्णोद्धार केला, घुमटाची डागडुजी करविली आणि शेजारी एक दालन बांधून दिले. त्या दालनात मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा आहे, कारण ते मुसलमानांच्या प्रार्थनेसाठी बांधले होते. कबरीची किल्ली ज्यूंना मिळाली. चार दिवसांच्या पाहुणीला जे ठिकाण लागले, त्याची चौदा वर्षांनी झालेली ही परतफेड म्हणायची का? कागदोपत्री श्रेय सर मोझेसचे आहे.

ज्यूडिथ १८६२ साली वारली. रॅम्सगेटला सिनेगॉगशेजारी मोझेसने तिच्यासाठी समाधी बांधली ती हुबेहूब राहेलच्या कबरीसारखी, तोच घुमट, तोच आकार. तेवीस वर्षांनी तोही तिच्या शेजारी विसावला. बेथलेहेमजवळची मूळ वास्तू १९९० च्या दशकात तटबंदीत गेली, नंतर काँक्रीटच्या उंच भिंतींनी वेढली गेली. बेथलेहेमच्या मुसलमानांना कोनाड्याच्या त्या दालनापर्यंत जाता येत नाही, आणि रस्त्याने जाणाऱ्याला घुमट दिसत नाही. १८२७ मध्ये ज्यूडिथने तो ज्या रूपात पाहिला असेल, उघड्यावर आणि वाटेच्या कडेला, त्या रूपात तो पाहायचा तर आता इंग्लंडच्या किनाऱ्यावर जावे लागते.