कोळंबीचं तळं आणि शेजारची विहीर

कोळंबीची शेती आपल्या देशाला नवी नाही. केरळातल्या पोक्काली शेतांत पावसाळ्यात खारं पाणी सोसणारा भात पिकतो. कापणीनंतर, नोव्हेंबर ते एप्रिल, त्याच शेतांत भरतीबरोबर आलेली कोळंबी वाढते. कुजलेली धसकटं तिच्या उपयोगी पडतात आणि तळाचा गाळ पुढच्या भाताला खत होतो. गोव्याच्या खाजणांतही मानशीच्या दारांतून असंच पाणी खेळवतात. बांधाबाहेरची खारफुटी बांधाला लाटांपासून जपते.

१९९०च्या दशकात परदेशी बाजारासाठी आंध्र-तमिळनाडूच्या किनाऱ्यावर कंपन्यांची तळी आली. दाटीवाटीनं सोडलेली कोळंबी, विकतचं खाद्य, औषधं, आणि घाण पाणी सरळ खाडीत! नागपट्टिणम भागात गोड्या पाण्याच्या विहिरी खारट झाल्या, भातशेतीतली मजुरी बुडाली.

याच भागात, कीळवेण्मणी गावी, १९६८ साली ४४ दलितांना जाळून मारण्यात आलं होतं. त्यानंतर विनोबांच्या भूदान चळवळीतले एस. जगन्नाथन आणि त्यांच्या पत्नी कृष्णम्माल भूमिहीनांना जमीन मिळवून देण्यासाठी तिथे झटत राहिले. आता तीच माती खारट होऊ लागली. जगन्नाथन सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयानं नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेकडून पाहणी करवली.

११ डिसेंबर १९९६ रोजी निकाल लागला. किनारा नियमन क्षेत्रातली अशी तळी काढून टाका. खारफुटी, शेतजमीन, मिठागरं यांची तळी करू नका. पारंपरिक पद्धत मात्र न्यायालयानं वगळली. म्हणजे दोष कोळंबीचा नव्हता, तळं कुठे आणि कसं केलं याचा होता.

२००५च्या कायद्यानं नोंदणीच्या अटीवर तळ्यांना वाट मोकळी केली. खारफुटीवर तळी नकोत, हा दंडक राहिला. त्यात तळेवाल्याचंही हित आहे. खारफुटीच्या चिखलात लोह-गंधकाची संयुगं असतात. खोदून वारा लागला की त्यांचं आम्ल होतं आणि कोळंबीची वाढ खुंटते. शिवाय समुद्रातल्या कोळंबीची पिल्लं याच मुळांच्या आसऱ्याला वाढतात. म्हणून तळं खारफुटीच्या मागे, उंचावर हवं, कोळंबी विरळ हवी आणि वापरलेलं पाणी आधी निवळणीच्या तळ्यात थांबायला हवं.

कोकणातही अशी तळी आहेत. नवं तळं खोदू पाहणाऱ्याला गावानं दोन प्रश्न जरूर विचारावेत: कांदळवनापासून तळं किती मागे आहे? आणि त्यातल्या पाण्यानं शेजारच्या विहिरीचं काय होईल?