दुभाषी आणि वकील

परक्या भूमीत संसार मांडणाऱ्या स्त्रीला आरोग्याचा उपदेश करणारे पुष्कळ भेटतात. तिचे म्हणणे ऐकून घेणारे विरळा. ब्रिटनमधील आशियाई स्त्रियांचा इतिहास या दृष्टीने मननीय आहे.

मुडदूस हा विकार एके काळी युरोपात ‘इंग्रजी रोग’ म्हणून ओळखला जाई. धुराने सूर्यप्रकाश हिरावलेल्या शहरांतील मुलांची हाडे त्याने वाकत. त्यावर सरकारने इंग्रज मातेला स्वयंपाकाची रीत बदलावयास सांगितले नाही. युद्धकाळात कॉड माशाचे तेल पुरविले, आणि १९४० पासून मार्गारीनमध्ये ड जीवनसत्त्व घालणे सक्तीचे केले. तिच्या नित्याच्या अन्नातच औषध आले.

१९६२ मध्ये ग्लासगोच्या डॉक्टरांनी हाच विकार तेथील पाकिस्तानी कुटुंबांत नोंदविला. पुढे १९७२ मध्ये युगांडातून हद्दपार झालेले हजारो गुजराती लेस्टरसारख्या शहरांत स्थिरावले. ज्या घरी चपातीवर मार्गारीन नव्हे, तूप असे, आणि मासे-अंडी वर्ज्य असत, तेथे त्या कायद्याचा लाभ पोहोचणार कसा? चपातीच्या पिठात जीवनसत्त्व घालावे, ही सूचना पुढे आली. ती १९८० मध्ये सरकारच्या तज्ज्ञसमितीने मान्य केली नाही. १९८१ मध्ये मुडदूसविरोधी मोहीम निघाली. तिने आहार व पेहराव यांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, असा टीकाकारांचा आक्षेप होता. याउलट ग्लासगोत १९७९ पासून जीवनसत्त्वाच्या मात्रा मोफत वाटल्या गेल्या, आणि मुडदुसाने रुग्णालयात येणारी मुले कमी झाली. कोणाला आपले ताट बदलावे लागले नाही.

गर्भवतींसाठी १९८४ मध्ये आशियाई माता व बालक मोहीम सुरू झाली. तिच्यातील ‘लिंकवर्कर’ स्त्रिया मातांची भाषा जाणत व डॉक्टरांचे सांगणे त्यांना समजावीत. हे काम मोलाचेच होते. परंतु लंडनच्या हॅकनी भागात १९८० मध्येच एक पाऊल पुढे पडले होते. तेथे नेमलेल्या बहुभाषी स्त्रियांना नाव मिळाले ‘अॅडव्होकेट’. केवळ शब्दांचे भाषांतर करणे एवढेच त्यांचे काम नव्हते. मातेची इच्छा, शंका व तक्रार रुग्णालयापुढे मांडणे, हेही त्यांचे कर्तव्य होते. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत त्यांच्या साह्याने प्रसूतीचे परिणाम सुधारल्याचे दिसून आले.

न्यायालयात वावरणाऱ्याला हा भेद चटकन उमगतो. दुभाषी न्यायाधीशाचा प्रश्न पक्षकारास कळवितो; वकील पक्षकाराची बाजू न्यायाधीशास ऐकावयास लावतो. परप्रांतात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपणा मराठी-कोंकणी कुटुंबांना कचेरीची भाषा आणि घरची भाषा यांतील अंतर नवे नाही. उद्या आपल्या देवळाच्या सभामंडपात आरोग्यशिबिर भरले आणि गावात पोटासाठी आलेली परभाषिक स्त्री तेथे आली, तर तिला काय सांगावयाचे, हे ठरविण्यापूर्वी तिला काय सांगावयाचे आहे, ते आपण विचारू काय?