समिती कधी बसते?

मराठवाड्यातल्या एखाद्या पारावर ‘आत्महत्येची समिती’ एवढं म्हटलं, की लोकांना जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची ती एक समिती आठवते. शेतकरी आत्महत्येचं प्रकरण मदतीला ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरवणारी. २००५-०६ सालच्या शासन निर्णयांपासून ती काम करते आहे. तलाठ्याचा अहवाल येतो, पोलिसांचे कागद येतात, सातबारा लागतो, बँकेचा किंवा परवानाधारक सावकाराचा कर्जाचा उतारा लागतो. पिकलं नाही, कर्ज फिटलं नाही, वसुलीचा तगादा होता, अशी कारणं बसली तर कुटुंबाला एक लाख रुपये. त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. बटईनं शेती करणाऱ्याला कागदच दाखवता येत नाही, त्याचं प्रकरण तिथंच अडतं. वर्षाअखेरीला पेपरात तीन आकडे छापून येतात: पात्र, अपात्र, चौकशीत.

या समितीला नावं ठेवायची नाहीत. घरातला माणूस गेल्यावर त्या लाखाची किंमत काय असते, हे त्या घरालाच माहीत. पण एक गोष्ट लक्षात घ्या. महसूल, पोलीस, कृषी अशी एरवी एकमेकांच्या फायली महिनोन्‌महिने न बघणारी खाती एका टेबलाभोवती बसतात, ती माणूस गेल्यानंतर. तो जिवंत असताना, त्यानं रात्री दोन वाजता कुणाला तरी फोन लावला तेव्हा, हीच खाती एकमेकांना कशी जोडलेली असतात? हेल्पलाइनचा इतिहास या प्रश्नाच्या बाजूनं वाचला की बऱ्याच गोष्टी उलगडतात.

या इतिहासात १९८६ हे साल तीनदा येतं. त्या वर्षी १९ मार्चला यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबानं आपलं आयुष्य संपवलं. महाराष्ट्रात शेतकरी आत्महत्यांची चर्चा आजही तिथून सुरू होते आणि दर १९ मार्चला अनेक जण त्या कुटुंबाच्या आठवणीत एक दिवस उपास करतात. त्याच वर्षी चेन्नईत डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी ‘स्नेहा’ ही संस्था सुरू केली. खचलेल्या माणसाचं ऐकून घ्यायला तिथं स्वयंसेवक बसू लागले. आणि त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयात एका पोलीस शिपायाचा खटला निकाली निघाला. हा शिपाई मानसिक आजारानं ग्रासलेला होता. त्यानं जीव द्यायचा प्रयत्न केला, तो वाचला आणि त्याच्यावरच गुन्हा दाखल झाला. न्या. पी. बी. सावंत यांच्या खंडपीठानं भारतीय दंड संहितेचं कलम ३०९ घटनाबाह्य ठरवलं.

हा निकाल टिकला असता तर पुढचं बरंच काही लवकर घडलं असतं. सर्वोच्च न्यायालयानं १९९४ मध्ये हीच भूमिका घेतली, पण १९९६ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ती फिरवली आणि कलम पुन्हा जिवंत झालं. म्हणजे १८६० सालचा कायदा एकविसाव्या शतकातही सांगत होता की जीव देण्याचा प्रयत्न हा गुन्हा आहे, वर्षभराची कैद होऊ शकते.

कायद्याचा आणि फोनचा संबंध इथं येतो. प्रयत्न करणं हा गुन्हा असेल तर फोनवर ‘मला जगायचं नाही’ म्हणणारा माणूस अर्धी कबुली देत असतो. फोन उचलणाऱ्या स्वयंसेवकानं पोलिसांना कळवायचं का? दवाखान्यात आणलेल्याची नोंद कशी करायची? घरचे तर ‘चुकून झालं’ असंच सांगणार. डॉक्टरही तसंच लिहून मोकळे होणार, कारण खरं लिहिलं की मेडिको-लीगल केसचं लचांड मागे लागतं. अशा परिस्थितीत हेल्पलाइन, पोलीस आणि दवाखाना यांनी एकमेकांशी बोलायचं म्हणजे फोन करणाऱ्याशी दगाफटका करण्यासारखं होतं. त्यामुळे सुरुवातीच्या हेल्पलाइन एकट्या राहिल्या. ऐकायच्या, धीर द्यायच्या आणि फोन ठेवायच्या. यात त्यांचा दोष नव्हता.

ऐकणं ही साधी गोष्ट आहे असं मात्र समजू नका. लंडनमध्ये १९५३ साली चॅड वारा या धर्मगुरूनं अशा लोकांसाठी फोन सुरू केला. समुपदेशन आपण स्वतः करू, आणि थांबलेल्या लोकांना स्वयंसेवक चहा देतील, अशी त्याची कल्पना होती. काही महिन्यांतच त्याच्या लक्षात आलं की चहा देता देता स्वयंसेवकांशी बोलूनच बऱ्याच जणांचं मन हलकं होतंय. मग त्यानं ऐकण्याचं काम त्यांच्यावरच सोपवलं. ‘समॅरिटन्स’ तिथून उभी राहिली. आपल्याकडच्या बहुतेक स्वयंसेवी हेल्पलाइनचं मूळ या चहात आहे, असं म्हटलं तरी चालेल.

भारतात कायद्याची कोंडी फुटली ती २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं. तो २०१८ मध्ये लागू झाला. त्याचं कलम ११५ सांगतं की जीव देण्याचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरायचं आणि तिच्यावर खटला चालवायचा नाही. उलट तिची काळजी घेणं, उपचार आणि पुनर्वसन करणं ही सरकारची जबाबदारी. याच कायद्यात गोपनीयतेचा हक्क आहे आणि जीवाला धोका असेल तर गरजेपुरती माहिती देण्याची मुभाही आहे. ही मुभा वाचायला दीड ओळीची, पण वेगवेगळ्या खात्यांचा समन्वय तिच्यावरच उभा राहतो. जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, त्यात ३०९ हे जुनं कलम नाही. सरकारी नोकराला एखादी गोष्ट करायला किंवा न करायला भाग पाडण्यासाठी असा प्रयत्न केला, तर मात्र तिथं वेगळं कलम आहे. उपोषण-आंदोलनांच्या जालना जिल्ह्यात ते ठाऊक असलेलं बरं.

कायदा बदलायच्या आधीच, २०१५ च्या दुष्काळात, महाराष्ट्रानं एक पाऊल टाकलं होतं. ‘प्रेरणा प्रकल्प’ हे त्याचं नाव. मराठवाड्याचे आठ आणि विदर्भाचे सहा असे चौदा जिल्हे, त्यात जालना. आशा कार्यकर्तीनं घरोघरी जाऊन ठरावीक प्रश्न विचारायचे: झोप लागते का, जेवण जातं का, कशातच मन लागत नाही असं होतं का. उत्तरं काळजीची वाटली तर प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून जिल्हा रुग्णालय. शिवाय १०४ क्रमांकावर समुपदेशक. याची जाहिरात फारशी झाली नाही, पण माझ्या मते हा या इतिहासातला सगळ्यात शहाणा टप्पा. कारण यात फोन एकटा नव्हता. फोनच्या दुसऱ्या टोकाला गावातलीच, नावानिशी ओळखीची बाई होती. आशाताई नावाप्रमाणेच मानधनावर आशा ठेवून काम करतात, हा भाग वेगळा.

दुसरीकडे क्रमांक वाढत गेले. ‘टिस’ची ‘आयकॉल’ २०१२ मध्ये सुरू झाली. मुंबईत, पुण्यात स्वयंसेवी संस्थांचे क्रमांक होतेच. कोविडमध्ये, सप्टेंबर २०२० ला, सामाजिक न्याय मंत्रालयानं ‘किरण’ आणली, तीही तेरा भाषांत. शेतीसाठी किसान कॉल सेंटर, मुलांसाठी १०९८, पोलिसांसाठी ११२, ज्येष्ठांसाठी १४५६७. आता खतासाठी फोन करणारा शेतकरी बोलता बोलता रडू लागला, तर किसान कॉल सेंटरवरच्या माणसानं त्याला कुठं जोडून द्यायचं? घरून पळून आलेला सतरा वर्षांचा मुलगा १०९८ चा की मानसिक आरोग्याचा? प्रत्येक क्रमांकामागे वेगळं मंत्रालय आणि वेगळं रजिस्टर. अडचणीतला माणूस मात्र खातं बघून फोन करत नाही.

ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘टेली मानस’ सुरू झाली ती हा पसारा आवरायला. क्रमांक १४४१६. बंगळुरूची ‘निम्हान्स’ मध्यवर्ती संस्था, तंत्रज्ञान तिथल्याच ‘ट्रिपल आयटी’चं, देशात पाच प्रादेशिक समन्वय केंद्रं आणि राज्याराज्यांत कक्ष. पहिल्या टप्प्यात समुपदेशक फोन घेतो. गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञ, आणि प्रत्यक्ष भेट लागली तर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम किंवा वैद्यकीय महाविद्यालय. २०२५ च्या मध्यापर्यंत २० लाखांहून जास्त फोन या सेवेनं घेतले होते. त्याच २०२२ च्या नोव्हेंबरात राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरण आलं. २०३० पर्यंत आत्महत्यांमुळे होणारे मृत्यू दहा टक्क्यांनी कमी करायचे, हे त्याचं लक्ष्य.

दिल्ली-बंगळुरूच्या पातळीवर समन्वयाची घडी अशी बसते आहे. अडतं ते खाली, जिल्ह्यात.

आता जालन्याकडे बघा. कुंडलिकेच्या एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला नवा. पलीकडे बाजार, अलीकडे रेल्वे स्टेशन, कचेरी रोड, गांधी चमन. १९८१ साली जिल्हा झाला, पण मानसिक आजाराचं मोठं दुखणं निघालं की लोक साठेक किलोमीटरवरच्या ‘घाटी’त जात राहिले. राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीत. मराठवाड्यात एकही नव्हतं. राजेश टोपे आरोग्यमंत्री असताना, कोविडच्याच काळात, जालन्याला ३६५ खाटांचं मनोरुग्णालय मंजूर झालं. ते हवंच. पण फोनवर बोलणाऱ्या बहुतेकांना खाटेची गरज नसते. त्यांना दुसऱ्या दिवशी भेटायला एक माणूस हवा असतो.

‘घरी कुणाला कळता कामा नये’ ही त्या माणसाची अट असते, हेही विसरून चालणार नाही. जुन्या जालन्यासारख्या गावात दवाखान्याच्या दारात कोण उभं होतं, हे संध्याकाळपर्यंत गल्लीला कळतं. म्हणून फोनची सोय इथं शहरापेक्षा जास्त मोलाची, आणि समन्वय जास्त नाजूक. पोलिसांची गाडी दारात उभी करून केलेला समन्वय एकाचा जीव वाचवेल, आणि ते बघितलेले शेजारचे चौघं पुन्हा कधी फोन करणार नाहीत.

एक आकडा पात्र-अपात्रच्या टेबलावर कधीच येत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात महाराष्ट्रात २२,७४६ आत्महत्या नोंदल्या आहेत, देशात सर्वाधिक. त्यातल्या ४,२४८ शेती क्षेत्रातल्या, म्हणजे शेतकरी आणि शेतमजूर मिळून. पाचातला एकही पुरता नाही. उरलेले चार कोण? नोकरीतले, घरकाम करणाऱ्या बाया, रोजंदारीवरचे, विद्यार्थी. त्यांच्यासाठी जिल्ह्यात मरणाआधीची समिती नाही, आणि मरणानंतरचीही नाही.

तशी समिती बसवायची तर फार मोठी नको. जिल्हा शल्यचिकित्सक, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा मानसोपचारतज्ज्ञ, ११२ सांभाळणारा पोलीस अधिकारी, अग्रणी बँकेचा व्यवस्थापक, आशांची गटप्रवर्तक, एखाद्या हेल्पलाइनवर वर्षानुवर्षं फोन घेतलेला माणूस आणि स्वतः या अंधारातून गेलेलं कुणीतरी. बँकवाला कशाला? वसुलीची नोटीस ज्या आठवड्यात निघते तो आठवडा त्याला आधी माहीत असतो, म्हणून. काम एकच: गेल्या महिन्यात आलेल्या फोनपैकी किती जणांना पुढं पाठवलं, त्यातले किती पोचले, न पोचलेले कुठं गळाले. नावं नकोत, फक्त गळतीची जागा. ‘चाइल्डलाइन’ची गोष्ट इथं उपयोगी पडते. १९९६ मध्ये मुंबईत ‘टिस’चा प्रकल्प म्हणून १०९८ सुरू झाली. तिची ताकद फोनपेक्षा, फोननंतर मुलापर्यंत पोचणाऱ्या स्थानिक संस्थांत होती. २०२३ मध्ये ती सरकारी यंत्रणेत आली, ११२ शी जोडली गेली. अधिकार आणि पोच वाढते, पण गल्ली माहीत असलेला कार्यकर्ता यादीतून निसटू शकतो. टेली मानसच्या खालच्या टोकाला तसं व्हायला नको.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत मार्गदर्शक तत्त्वं दिली. त्यात टेली मानससह हेल्पलाइनचे क्रमांक वर्गात, वसतिगृहात, संस्थेच्या वेबसाइटवर ठळक अक्षरांत लावायचे आहेत, आणि ही तत्त्वं खासगी क्लासेसनाही लागू आहेत. तुमच्या क्लासच्या भिंतीवर टॉपर्सच्या फोटोंशेजारी १४४१६ दिसतोय का, एवढं उद्या बघा. नसेल तर ऑफिसात विचारता येतं. आणि आज रात्री तुम्हालाच तो लावावासा वाटला, तर तो चोवीस तास सुरू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.