नीलगिरी: तापावरचं झाड आणि घरातली बाटली

सर्दी झाली की रुमालावर नीलगिरी तेलाचे दोन थेंब टाकायचे, हा उपाय आपल्याकडे बहुतेकांना माहीत असतो. पण हे झाड मूळचं आपलं नाही.

झाड कुठलं?
तेलासाठी प्रसिद्ध झालेली जात म्हणजे युकॅलिप्टस ग्लोब्युलस. ती ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया आणि व्हिक्टोरियाच्या थंड, ओलसर भागातली. कोवळ्या रोपाची पानं निळसर, देठ नसलेली आणि समोरासमोर असतात. मोठ्या झाडाची लांब, विळ्यासारखी आणि लोंबती. कळीवर टोपण असतं, फूल उमलताना ते गळून पडतं. त्यावरूनच 'युकॅलिप्टस', म्हणजे 'नीट झाकलेलं', हे नाव पडलं.

1843 च्या सुमारास जळणासाठी ही जात तमिळनाडूतल्या नीलगिरी डोंगरात लावली गेली. आपलं मराठी नाव तिथूनच आलं. देवगाव रंगारीसारख्या उष्ण, कोरड्या भागात ती नीट वाढत नाही. सपाटीवर दिसणारी नीलगिरी बहुधा युकॅलिप्टस टेरेटिकॉर्निस किंवा तिचा संकर असते.

तापाचं औषध?
एकोणिसाव्या शतकात दलदलीच्या 'वाईट हवे'नं मलेरिया होतो असं मानत. 'मलेरिया' शब्दाचा अर्थच तो. उग्र वासाचं, भरपूर पाणी शोषणारं हे झाड हवा शुद्ध करेल, या आशेनं रोमजवळच्या त्रे फोंताने मठातल्या साधूंनी ते मोठ्या प्रमाणावर लावलं. पण 1897 मध्ये रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू सापडले. तेव्हा आपला जिल्हाही त्याच निजाम राज्यात होता. दोष हवेचा नव्हता, डासाचा होता.

आज काय लक्षात ठेवाल?
तेलातल्या सिनिओलमुळे नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, पण सर्दीचा विषाणू त्यानं मरत नाही.

- तेल कधीही पिऊ नका. लहान मुलांना थोड्याशा तेलानंही गुंगी किंवा झटके येऊ शकतात.
- दोन वर्षांखालील बाळाच्या नाकाला, चेहऱ्याला ते लावू नका.
- मुलानं तेल प्यायलं तर उलटी करवू नका. बाटली सोबत घेऊन लगेच दवाखान्यात या.
- थंडी वाजून ताप आला तर वास घेत बसू नका, रक्ततपासणी करा.

वास उग्र आहे म्हणून औषध गुणकारी ठरत नाही. बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा.